अभिरक्षकाचे शिक्षण : बडोदे विद्यापीठातील संग्रहालयविद्या

बडोद्याच्या ग्रंथालय-चळवळीचा इतिहास मराठी वाचकांस अपरिचित नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डेन या ग्रंथालयतज्ज्ञास पाचारण केले. १९११ साली ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग उघडण्यात आला. आणि पुढे लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. या साऱ्याचे वर्णन अनेकांनी केले आहे व ते उचितही आहे. परंतु याच नगरीत, त्या वर्गाच्या सतरा वर्षे आधी, १८९४ साली, कमाटी बागेत संग्रहालयाची भव्य वास्तू पूर्ण झाली होती, याचे स्मरण त्या वर्णनात क्वचितच ठेवले जाते. पुस्तके सांभाळणाऱ्यास शिक्षण हवे हे १९११ साली मान्य झाले; वस्तू सांभाळणाऱ्यासही ते हवे, हे मान्य होऊन त्याचा वर्ग उघडण्यास १९५२ साल उजाडावे लागले. मधल्या एकेचाळीस वर्षांचे कोडे आम्हांस बराच काळ पडलेले आहे. ते उलगडण्याचा प्रयत्न करीत असता बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संग्रहालयविद्येच्या विभागाची हकीकत आपोआपच सांगावी लागते. भारतातील विद्यापीठांत या विषयाचा हा पहिला विभाग होय.

एक गमतीची गोष्ट येथेच सांगून टाकू. संस्थानी काळात बडोद्याच्या ग्रंथालय खात्याच्या प्रमुखास 'क्युरेटर' असे म्हणत. न्यूटन मोहन दत्त यांनी हे पद दीर्घकाळ भूषविले. म्हणजे ज्या इंग्रजी शब्दाचा अर्थ आज आपण 'संग्रहालयाचा अभिरक्षक' असा करतो, तो शब्द बडोद्यात ग्रंथांच्या राखणदारासही लागू होता. नाव एकच, दोघांचे प्रारब्ध मात्र वेगळे.

या भिन्न प्रारब्धाचे एक कारण आम्हांस असे दिसते की, ग्रंथपालाचे काम हे एक स्वतंत्र काम आहे हे लवकर पटले. हजारो पुस्तकांतून हवे ते पाच मिनिटांत काढून देणे ही विद्वत्तेहून निराळी कला आहे, हे वाचनालयात गेलेल्या कोणासही कळते. संग्रहालयाची गोष्ट तशी नव्हती. तेथे खडक असतील तर भूगर्भशास्त्रज्ञ नेमावा, चित्रे असतील तर कलेतिहासकार नेमावा, म्हणजे काम झाले, अशी समजूत होती. बडोद्याच्या संग्रहालयाची सूत्रे ज्यांच्या हाती आली ती माणसे पाहिली म्हणजे हे स्पष्ट होते. १८९५ साली संग्रहालयाची मांडणी करण्यास आलेले जॉन फ्रेडरिक ब्लेक हे भूगर्भशास्त्रज्ञ. १९३४ ते १९३९ या काळात येथे असलेले एर्न्स्ट कोन-व्हीनर हे कलेतिहासकार. जर्मनीत नाझी सत्ता आल्यावर ज्या ज्यू विद्वानांना मायभूमी सोडावी लागली त्यांपैकी ते एक. त्यांच्यानंतर आलेले डॉ. हेर्मान गोट्झ हेही जर्मनच, आणि भारतीय चित्रकला व मोगल संस्कृती यांचे गाढे अभ्यासक. तिघेही आपापल्या विषयांत मातब्बर. परंतु खडकांचा जाणकार ममीचे काय करणार, आणि मोगल चित्रांचा पारखी देवमाशाच्या हाडांना कोणता लेप लावणार?

हा प्रश्न विनोदाचा नव्हे. बडोद्याच्या संग्रहालयात हे सारे खरोखरच एका छपराखाली आहे. इमारतीचा आराखडा रॉबर्ट चिझम यांचा. तिच्या शेजारच्या चित्रशाळेचे बांधकाम १९०८ साली सुरू होऊन १९१४ साली संपले. युरोपीय चित्रे निवडण्याचे काम मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडे होते. पण चित्रे निघण्याच्या वेळीच महायुद्ध पेटले आणि इमारत तयार असूनही चित्रशाळा उघडण्यास १९२१ साल लागले. संग्रहालयात इजिप्तची ममी आहे, तिबेटी आणि नेपाळी मूर्ती आहेत, जपानी व चिनी वस्तू आहेत, भुसा भरलेले प्राणी आहेत, वस्त्रे, शस्त्रे, नाणी, खनिजे आहेत. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सुमारे सत्तर फूट लांबीचा सांगाडाही तेथे आहे. बालपणी आम्ही वडीलधाऱ्यांचे बोट धरून या सांगाड्याखालून गेलो, तेव्हा मान वर करून पाहता पाहता डोक्यावरची टोपी पडली होती, एवढेच स्मरते. तो कोठून आला, तेथे कसा टांगला, पावसाळ्यात त्याचे काय होते, हे विचारण्याची बुद्धी त्या वयात होणे शक्य नव्हते. पण मोठेपणीही ती फारशा जणांस होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

हा विविधपणा हेच पुढे या विषयाच्या शिक्षणाचे भांडवल ठरले. ज्या संग्रहालयात केवळ पाषाणमूर्ती आहेत तेथे शिकलेल्यास कापडाची कसर ठाऊक होणार नाही. ज्यात केवळ चित्रे आहेत तेथल्यास भुसा भरलेल्या पक्ष्याचे किडे ठाऊक होणार नाहीत. वैद्यकीच्या विद्यार्थ्यास जसे सर्व रोगांचे रुग्ण असलेले रुग्णालय हवे, तसे हे संग्रहालय होते. मात्र रुग्णालय असूनही शाळा नाही, अशी स्थिती १९५२ पर्यंत होती.

देशातील इतर संग्रहालयांची अवस्था याहून बिकट होती. १९३६ साली मार्कहॅम आणि हारग्रीव्हज या दोघांनी हिंदुस्थानातील संग्रहालयांची पाहणी करून आपला अहवाल लंडनहून प्रसिद्ध केला. या विशाल देशात त्यांना सुमारे शंभरच संग्रहालये आढळली. त्यांतील पुष्कळांची जबाबदारी दुसरे काम सांभाळून हेही पाहणाऱ्या माणसांवर होती आणि प्रशिक्षित माणसांची वाण हे या दुरवस्थेचे एक मोठे कारण होते. पुढे १९४४ साली भारतीय संग्रहालय संघ स्थापन झाला. त्याच वर्षी पुरातत्त्व खात्याचे प्रमुख म्हणून आलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी तक्षशिलेस उत्खननाची शाळा भरविली. तरुणांना मातीत उभे करून शिकवावयाचे, ही त्यांची रीत. जमिनीतून वस्तू शास्त्रशुद्ध रीतीने कशी काढावी हे अशा रीतीने शिकविले जाऊ लागले. पण काढलेली वस्तू पुढील शंभर वर्षे कशी राखावी, हे शिकविण्याची सोय अद्याप नव्हती.

बडोद्यात ती होण्यास तीन गोष्टी जुळून आल्या. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच सुमारास विद्यापीठाची स्थापना झाली. पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसाबेन मेहता. त्यांचे वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण होते, तेव्हा सयाजीरावांची शिक्षणदृष्टी त्यांना घरातूनच मिळाली होती. दुसरी गोष्ट ललित कला विद्याशाखेची. १९५० साली सुरू झालेल्या या शाखेत चित्रकला केवळ हाताचे कसब म्हणून न शिकविता तिला विद्यापीठाची पदवी द्यावयाची, हा विचार त्या काळी धाडसाचाच होता. मूळचे इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकलेचे अध्यापक म्हणून आले, शंखो चौधुरी शिल्पकलेस आले. जेथे हाताचे काम विद्यापीठाच्या पंक्तीस बसू शकते, तेथे वस्तू सांभाळण्याचे कामही बसू शकेल, असे वाटण्याजोगे वातावरण तेथे होते. तिसरी गोष्ट म्हणजे डॉ. गोट्झ. १९४३-४४ पासून ते संग्रहालयाची पत्रिका काढीत होते. संग्रहालय म्हणजे विद्येचे पीठ आहे, नुसते प्रदर्शन नव्हे, हे त्या पत्रिकेच्या पानापानांतून दिसते. विभाग सुरू झाल्यावर ते फार काळ बडोद्यास राहिले नाहीत. १९५४ साली दिल्लीस उघडलेल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे ते गेले. परंतु त्यांच्यामागून संग्रहालयाचे संचालक झालेले व्ही. एल्. देवकर यांचे नावही या विभागाच्या आरंभकाळाशी निगडित आहे. संग्रहालय आणि वर्ग यांच्यात पायी जाण्याइतकेच अंतर होते.

या अंतराला आम्ही फार महत्त्व देतो. संस्थानी काळात संग्रहालय आणि महाविद्यालय या दोहोंचा धनी एकच होता. विलीनीकरणानंतर संग्रहालय राज्य सरकारचे झाले, १९६० नंतर गुजरात सरकारचे झाले, आणि विद्यापीठ आपल्या जागी स्वायत्त राहिले. दोन घरे झाली, मालक वेगळे झाले. अशा वेळी विद्यार्थ्यांना कपाटाची किल्ली मिळणे हे नियमापेक्षा माणसांच्या परस्परविश्वासावर अवलंबून राहते. आरंभीच्या काळात तो विश्वास होता म्हणूनच हे शिक्षण रुजले, असे आमचे मत आहे. पुस्तकातून पोहणे शिकविता येत नाही, तसेच हे.

आता या वर्गात शिकविले काय जाई, व जाते, ते पाहू. संग्रहालयविद्या म्हटले की काचेच्या कपाटांची सुबक मांडणी डोळ्यांपुढे येते. ती त्यात आहेच. परंतु या विद्येचा पाया कपाटात नसून नोंदवहीत आहे. वस्तू संग्रहालयात आली की तिची प्रथम नोंद व्हावयाची : ती काय आहे, कशाची आहे, मापे काय, कोणत्या अवस्थेत आली, कोणाकडून आली, भेट म्हणून की विकत, आणि मुख्य म्हणजे कोठे सापडली. मग तिला क्रमांक द्यावयाचा. क्रमांकाची रूढ रीत साधी पण चतुर आहे. '१९५२.१७.३' असे लिहिले तर १९५२ साली आलेल्या सतराव्या संचातील तिसरी वस्तू, असा त्याचा अर्थ. हा क्रमांक वस्तूवर लिहावयाचा तो दर्शनी भागी नव्हे, तर तळाशी किंवा पाठीमागे; आणि तोही थेट नव्हे, तर आधी रोगणाचा पातळ थर देऊन त्यावर, म्हणजे उद्या काढावा लागल्यास वस्तूस इजा न होता निघावा. तो इतका बारीक असावा की पाहणाऱ्यास दिसू नये, आणि इतका ठळक की शोधणाऱ्यास सापडावा. एवढ्याशा कामात केवढा विवेक आहे! वस्तू एका दालनातून दुसऱ्या दालनात गेली तरी त्याची नोंद वेगळ्या वहीत. बाहेर प्रदर्शनास गेली तर जाताना व येताना तिच्या प्रकृतीचा लेख. ठरावीक काळाने वही आणि कपाट यांचा ताळा. हे सर्व कारकुनी वाटेल. परंतु नोंद हरवलेली मूर्ती म्हणजे पत्ता पुसलेले पत्र.

मराठी मनास ही गोष्ट खरे तर सहज उमगावयास हवी होती. कागदांच्या बाबतीत आपण ती केव्हाच ओळखली आहे. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला तेव्हापासून कागद कोणत्या दप्तरात, कोणाच्या घरी, कोणत्या स्थितीत सापडला हे सांगितल्यावाचून तो पुढे मांडावयाचा नाही, हा दंडक इतिहास-संशोधकांच्या अंगवळणी पडला. बडोदे सरकारच्या सेवेत उमेदीची वर्षे घालविलेले रियासतकार सरदेसाई पुढे पेशवे दप्तराच्या पंचेचाळीस खंडांचे संपादक झाले, तेही याच परंपरेतले. मात्र हा दंडक कागदापाशी थांबला. तलवार, पगडी, समई, पैठणी, घंगाळ ही आपल्या दृष्टीने इतिहासाची साधने झाली नाहीत. ती 'जुन्या वस्तू' राहिली. पुण्याच्या दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी 'अज्ञातवासीं'नी, अडकित्ते, दिवे, दरवाजे गावोगाव फिरून गोळा केले, आणि आपल्या दिवंगत बालकाच्या नावाने उभारलेला तो संग्रह महाराष्ट्र शासनास देऊन टाकला. या ऋणातून महाराष्ट्र कधी उतराई होणार नाही. परंतु एकाच व्यक्तीने आयुष्यभर जमविलेल्या कोणत्याही संग्रहात प्रत्येक वस्तूची जन्मकथा बहुधा त्या व्यक्तीच्या स्मरणात असते, आणि स्मरण हे वहीप्रमाणे वारसांच्या स्वाधीन करता येत नाही. अभिरक्षकाचे काम येथे सुरू होते.

नोंदीच्या जोडीला दुसरा पाठ जतनाचा. या बाबतीत बडोद्याच्या विद्यार्थ्यांच्या सुदैवाने एक अमोल उदाहरण दाराशी होते. १९५१ च्या सुमारास बडोद्यालगतच्या अकोटा येथे जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला. पाचव्या-सहाव्या शतकापासूनच्या या मूर्ती पश्चिम भारताच्या कलेतिहासात मोठी भर घालणाऱ्या ठरल्या. त्यांत मुकुटधारी, अलंकृत अशी जीवंतस्वामीची प्रसिद्ध मूर्ती आहे. डॉ. उमाकांत शाह यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. काही मूर्तींच्या पीठांवर दात्यांचे लेख होते, त्यांवरून काळ ठरविता आला. आता या मूर्ती शतकानुशतके मातीत राहिलेल्या. मातीतील क्षार धातूत शिरतात, आणि मूर्ती बाहेर आली, हवेतील दमटपणा लागला, की पृष्ठभागावर फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके उमटू लागतात. ही पुटकुळी दिसते क्षुद्र, पण आतून मूर्ती खात जाते. संग्रहालयवाले तिला कांस्यरोग म्हणतात. न जाणणारा मनुष्य काय करील? चिंच-राख घेऊन मूर्ती घासून लख्ख करील. घरच्या देवाच्या टाकास ते चालते. अकोट्याच्या मूर्तीवर तसे केले तर दीड हजार वर्षांचा पृष्ठभाग आणि त्यावरचा लेख दोन्ही मोरीत वाहून जातील. घरच्या श्रद्धेतील स्वच्छता आणि संग्रहालयातील जतन यांतील हा भेद वर्गात एकदा हाताने शिकला की आयुष्यभर विसरत नाही.

प्रकाशाचेही तसेच. लघुचित्रे, हस्तलिखिते, रंगीत वस्त्रे यांस पन्नास लक्सहून अधिक प्रकाश नसावा, असा सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे मंद दिव्याच्या खोलीइतकाच. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही आणि आजची हानी उद्याच्या हानीत मिळविली जाते. पाहुण्याची तक्रार असते की दालन अंधारे आहे. ती तक्रार ऐकून खिडकी उघडणारा अभिरक्षक सज्जन खरा, पण चित्राचा वैरी. पावसाळ्यात बुरशी, उन्हाळ्यात लाकडास चिरा, बाराही महिने वाळवी आणि कसर. हे आपल्या हवामानाचे प्रश्न परदेशी पाठ्यपुस्तकांत पुरेसे येत नाहीत. म्हणून येथील हवेत शिकलेल्या माणसाची गरज.

हे सारे ज्ञान पाश्चात्त्यांकडूनच आले असे मानण्याचे मात्र कारण नाही. आपल्या मठांतून, पोथीशाळांतून वेखंड आणि कडुनिंबाची पाने घालून, लाल कापडात घट्ट बांधून पोथ्या राखल्या गेल्या. पोथीच्या शेवटी लेखनिक वाचकास विनवितो की हिला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधू नकोस, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. यातील पहिल्या तीन सूचना आजही जतनशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात शोभतील. चौथीची व्यवस्था विद्यापीठाने करावयाची होती.

जगाकडे पाहता बडोद्याचे पाऊल उशिराचे नव्हते. पॅरिसला लूव्हरची शाळा १८८२ सालीच निघाली होती. हार्वर्डमध्ये पॉल सॅक्स यांचा अभ्यासवर्ग १९२०च्या दशकात नावारूपास आला. परंतु इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठाचा संग्रहालय-अध्ययनाचा विभाग, ज्याचे नाव आज सर्वत्र घेतले जाते, तो १९६६ सालचा. म्हणजे बडोद्यानंतर चौदा वर्षांनी. भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९३७ साली स्थापिलेल्या आशुतोष संग्रहालयाच्या आधाराने १९५९ साली हा विषय घेतला. काशीस भारत कला भवनाच्या छायेत तो वाढला. तेथेही मर्म तेच : वर्गाशेजारी चालते संग्रहालय. दिल्लीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था १९८९ ची, आणि जतनशास्त्राची लखनौची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ ची. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही या विषयाची पदविका दिली जाऊ लागली.

परंतु संग्रहालयविद्या ही विद्यापीठाने शिकविण्याजोगी विद्या आहे काय, हा आक्षेप पहिल्यापासून घेतला गेला व तो सर्वस्वी खोटा नाही. टीकाकार म्हणतात : नोंद ठेवणे कारकुनी, मांडणी करणे सुतारकी, जतन करणे रसायनशाळेचे काम, आणि मूर्ती ओळखणे कलेतिहासकाराचे. मग या विद्येचे स्वतःचे असे उरले काय? यावर आमचे उत्तर असे की शेतीतही नांगर लोहाराचा, बी व्यापाऱ्याचे आणि पाऊस देवाचा, तरी शेतकरी उरतोच. वस्तू आणि माणूस यांची भेट घडवून आणणे, आणि ती भेट उद्याच्या माणसासही घडेल अशी व्यवस्था करणे, हे काम वर सांगितलेल्यांपैकी कोणाचेच नाही. तथापि एवढे कबूल केले पाहिजे की केवळ पदविकेवर विसंबणारा, ज्यास कोणत्याही एका वस्तुवर्गाचे सखोल ज्ञान नाही असा अभिरक्षक, हा ब्लेकसाहेबांहून अधिक निरुपयोगी. त्यांस निदान खडक तरी कळत होते.

या भेटीच्या प्रश्नाकडे विभागाचे लक्ष पुढे अधिकाधिक गेले. आपल्याकडील संग्रहालयात येणारा मोठा वर्ग जत्रेस यावा तसा येतो. सणावाराला, बागेत फिरता फिरता, लेकुरवाळ्या कुटुंबांसह. बंगालीत संग्रहालयास 'जादूघर' म्हणतात, उत्तरेत 'अजायबघर'. पढीक लोक या नावांना हसतात. आम्हांस ती नावे खरी वाटतात. विस्मय हे ज्ञानाचे दार आहे. अडचण इतकीच की दारातून आत गेलेल्यास पुढे वाट दाखविणारे कोणी नसते. पाटी असते ती इंग्रजीत, आणि तीवर लिहिलेले असते : 'विष्णू, पाषाण, दहावे शतक'. शेतकरी गृहस्थ त्या मूर्तीपुढे हात जोडतो, पाटीकडे पाहत नाही, आणि त्याला त्या क्षणी जे समजलेले असते ते पाटी लिहिणाऱ्यास कधीच कळत नाही. बडोद्याच्या विभागाचे प्रमुख राहिलेले व्ही. एच्. बेडेकर यांनी प्रदर्शनाच्या कलेवर लिहिले, आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतासाठी नव्या संग्रहालयविद्येचा विचार मांडला. फ्रान्समध्ये १९७१ च्या सुमारास आणि चिलीतील सँतियागो येथे १९७२ साली भरलेल्या परिषदेत जो विचार पुढे आला, की संग्रहालय लोकांसाठीच नव्हे तर लोकांचे असावे, त्याला भारतीय रूप काय द्यावयाचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. इमारतीपेक्षा गाव, आणि अभिरक्षकाइतकाच गावकरी, असा हा दृष्टिपालट. १९५२ साली ज्यास वस्तू राखण्याचे शिक्षण द्यावयाचे होते, त्यास आता माणसांशी बोलण्याचेही द्यावे लागणार होते. बक्षी आणि द्विवेदी यांचे आधुनिक संग्रहालयाच्या संघटनेवरील १९७३ चे पुस्तक आणि बेडेकरांचा ग्रंथ शेजारी ठेवून वाचले तर दोन दशकांतील हा पालट डोळ्यांस दिसतो.

ही सगळी पुस्तके इंग्रजीत आहेत. येथे आमचे खरे दुखणे आहे. ज्या महाराजांच्या राज्यात १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा आठ भाषांतील राज्यकारभाराचा पारिभाषिक कोश निघाला, ज्यात एका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू व फारसी प्रतिशब्द मांडून त्यांतून निवड करण्याची दृष्टी होती, त्याच नगरीत या विद्येची परिभाषा देशी भाषांत घडली नाही. विद्यार्थी वर्गात इंग्रजी शिकतो, संग्रहालयातील सुताराशी आणि शिपायाशी गुजरातीत किंवा मराठीत बोलतो, आणि दोहोंच्या मध्ये ज्ञान सांडते. मूर्तीची पेटी उचलणारा, झाडलोट करणारा, पावसाच्या रात्री छप्पर गळते काय हे पाहणारा मनुष्य खालच्या पगाराचा असतो. वस्तूचे आयुष्य अधिकांशाने त्याच्याच हाती असते. त्याला कांस्यरोग म्हणजे काय हे त्याच्या भाषेत कोणी सांगावयाचे?

नेमणुकांची बाब आम्ही थोडक्यात उरकतो, कारण ती सुखावह नाही. विद्यापीठांनी प्रशिक्षित माणसे घडविली, पण प्रत्येक शासनाने त्यांच्यासाठी जागा भरल्याच असे नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे महासंचालकपदही काही वर्षे प्रशासकीय अधिकाऱ्यांनी इतर कामांसोबत सांभाळले. १९३६ च्या अहवालातील तक्रार पाऊण शतकानंतरही जुनी झाली नव्हती. २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीतील राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. २०१८ साली ब्राझिलच्या राष्ट्रीय संग्रहालयाची तीच गत झाली. अशा आगीनंतर पहिला प्रश्न असतो : काय काय जळाले? त्याचे उत्तर राखेत सापडत नाही. ते दुसऱ्या इमारतीत ठेवलेल्या वहीच्या प्रतीत असते, असल्यास.

ही प्रत आता कागदाचीच असावी लागत नाही. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने देशातील संग्रहालयांसाठी संगणकावर नोंदी ठेवण्याची प्रणाली तयार केली आणि तिला 'जतन' हे नाव दिले. इंग्रजीच्या या रानात एक देशी शब्द देशभर गेला, याचा आम्हांस आनंद वाटतो. मात्र संगणकात भरावयाची नोंद आधी कोणीतरी वस्तू हातात घेऊन, मोजून, उलटी करून, तळाचा क्रमांक वाचून केलेली असावी लागते.

परिभाषेच्या बाबतीत आम्ही काही महिन्यांपूर्वी एक छोटा उद्योग करून पाहिला. या विषयातील नित्याच्या वापरातील शंभरएक इंग्रजी शब्द काढून त्यांस मराठी प्रतिशब्द शोधू लागलो. 'क्युरेटर'ला शासकीय मराठीत 'अभिरक्षक' आहेच. तो जड असला तरी चालून जातो. 'वस्तुपाल' आम्हांस अधिक आवडला असता, पण गुजरातेत ते तेराव्या शतकातील सुप्रसिद्ध मंत्र्याचे नाव, तेव्हा घोटाळा व्हावयाचा. 'कॉन्झर्व्हेशन'ला जतन. 'लेबल'ला पाटी पुरते. 'शोकेस'ला कपाट म्हटले तर काय बिघडले? सर्वांत अडलो ते वस्तू दाखल करून घेण्याच्या त्या मूळ वहीपाशी. आवक वही म्हटले तर टपाल आठवते, साठा वही म्हटले तर कोठार. अखेर एका सेवानिवृत्त ग्रंथपाल स्नेह्यांना विचारले. ते क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "दाखलनोंदवही. आमच्याकडे पुस्तकांना तीच असते." शब्द तयार होता, सोपा होता, आणि मराठी ग्रंथालयांत फार वर्षे रुळलेला होता. आम्ही तो यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिला आहे.